'स्पायडर-मॅन: होमकमिंग' आणि आपली शाळकरी मुले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातील तापीकाठच्या एका गावात, माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. सहामाही परीक्षा संपल्यावर आणि दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी आम्ही आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना एक चित्रपट दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर दोन तासिका बोलतो. आजवर दाखवलेल्या चित्रपटांपैकी सर्वाधिक प्रश्न या एका चित्रपटाने आणले. विद्यार्थ्यांनी ते चिठ्ठ्यांवर लिहून दिले, पालकांनी दारात उभे राहून विचारले आणि धुळे-नंदुरबारकडच्या शिक्षकांनी फोनवरून विचारले. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सहाव्या प्रश्नापासून पुढे कथा उलगडत जाते आणि शेवटही सांगितला जातो, म्हणून ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी पहिले पाच प्रश्न वाचून चित्रपट पाहावा.

१. हा चित्रपट नेमका कोणता आणि त्यात काय आहे?

जॉन वॉट्स यांनी दिग्दर्शित केलेला हा अमेरिकी चित्रपट जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याची लांबी १३३ मिनिटे आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आपल्या मे काकूबरोबर राहणारा पंधरा वर्षांचा पीटर पार्कर दिवसा शाळेत जातो आणि शाळा सुटली की मुखवटा चढवून परिसरातील लोकांच्या मदतीला धावतो. टोनी स्टार्क या धनाढ्य संशोधकाने त्याला एक अत्याधुनिक पोशाख दिला आहे आणि मोठ्या वीरांच्या पथकात आपली कधी निवड होते, याची तो अधीरतेने वाट पाहत आहे. दरम्यान परग्रहावरील भंगारातून शस्त्रे बनवून विकणारी एक टोळी त्याला सापडते. टॉम हॉलंड यांनी पीटरची, मायकल कीटन यांनी टोळीच्या म्होरक्याची आणि मरिसा टोमे यांनी मे काकूची भूमिका केली आहे. स्पायडर-मॅन हे पात्र स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये चित्रकथेसाठी निर्माण केले तेव्हाच ते शाळकरी मुलाचे होते. त्या अर्थाने हा चित्रपट मूळ कल्पनेच्या बराच जवळ जातो.

२. या मालिकेतील आधीचे चित्रपट पाहिले नसतील तर हा समजेल का?

समजेल. केवळ दोन गोष्टी आधी सांगून ठेवाव्यात. पहिली अशी की २०१२ मध्ये न्यूयॉर्कवर परग्रहवासीयांचा हल्ला झाला आणि वीरांच्या एका पथकाने तो परतवला. दुसरी अशी की २०१६ च्या चित्रपटात त्या पथकात फूट पडली आणि त्या भांडणात टोनी स्टार्कने पीटरला मदतीला नेले. होमकमिंगच्या आरंभी पीटरने मोबाइलवर केलेले जे चित्रण दिसते ते त्याच सफरीचे आहे. आमच्या वर्गातील ज्या मुलांनी यापूर्वी एकही असा चित्रपट पाहिला नव्हता, त्यांना ही दोन वाक्ये पुरली.

३. 'होमकमिंग' म्हणजे काय? आपले स्नेहसंमेलन म्हणता येईल का?

पूर्णपणे नाही. अमेरिकी शाळांमध्ये शरद ऋतूत माजी विद्यार्थी शाळेत परत येतात, त्यानिमित्ताने अमेरिकी फुटबॉलचा सामना होतो आणि रात्री नृत्याचा कार्यक्रम असतो. मुलाने मुलीला या नृत्याला आपल्याबरोबर येण्याविषयी विचारणे ही तिकडे मोठी आणि उघड गोष्ट असते. आपल्या स्नेहसंमेलनात विद्यार्थी कार्यक्रम सादर करतात आणि पालक पाहतात. येथे सादरीकरण नाही. शब्दाचा सरळ अर्थ 'घरी परतणे' असा आहे आणि दोन वेगळ्या चित्रसंस्थांच्या करारानंतर हे पात्र आपल्या मूळ प्रकाशनाच्या चित्रपटविश्वात परतले, असाही अर्थ त्यात आहे. खानदेशातील कानबाईच्या उत्सवाला पुण्या-सुरतेकडे गेलेले भाऊबंद गावी येतात ते आमच्या मुलांना आठवले आणि परतण्याच्या भावनेपुरती ही तुलना मला मान्य आहे.

४. पीटर कितवीत आहे आणि त्याची शाळा कशी आहे?

तो तिकडच्या पद्धतीने दहावीच्या वर्गात आहे, परंतु तेथे दहावीला आपल्यासारखी बोर्डाची परीक्षा नसते. माध्यमिक शाळा नववी ते बारावी अशी चार वर्षांची असते. त्याची शाळा काल्पनिक असून विज्ञान-तंत्रज्ञानासाठी निवडक मुलांना घेणारी आहे. अभिनयाची तयारी म्हणून टॉम हॉलंड न्यूयॉर्कमधील ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स या खऱ्या शाळेत काही दिवस ओळख लपवून बसले होते. त्या वेळी ते सुमारे वीस वर्षांचे होते.

चित्रपटातील 'अकॅडमिक डेकॅथलॉन' ही स्पर्धाही खरी आहे. तिची सुरुवात १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात झाली. दहा विषयांच्या या स्पर्धेत नऊ जणांचा संघ असतो आणि त्यात उत्तम, मध्यम व कमी गुण मिळवणारे प्रत्येकी तीन विद्यार्थी असावे लागतात. पडद्यावर ती प्रश्नमंजूषेसारखी दिसते, म्हणून हा नियम लक्षात येत नाही. शिक्षक म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे स्पर्धेला नेहमी तीच पहिल्या बाकावरची मुले पाठवली जातात.

५. कोणत्या वयाच्या मुलांना आणि कोणत्या भाषेत दाखवावा?

अमेरिकेत याला 'पीजी-१३' असे प्रमाणपत्र आहे, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे असे सुचवलेले आहे. आम्ही आठवीपासून पुढे दाखवतो. मारामारी बरीच आहे, रक्त फारसे नाही. आमच्याकडे बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, शाळेत मराठी आणि पडद्यावर हिंदी, त्यामुळे हिंदी आवृत्ती त्यांना जड जात नाही. चर्चा मात्र मराठीत करावी आणि ज्या मुलाला अहिराणीत बोलायचे आहे त्याला थांबवू नये. मनातले बोलताना मूल घरच्या भाषेकडे वळते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

६. कोळी चावून पीटरला शक्ती मिळण्याचा आणि त्याच्या काकांच्या मृत्यूचा प्रसंग यात का नाही? आणि जाळे त्याच्या शरीरातून येते का?

हे दोन्ही प्रसंग आधीच्या दोन चित्रपटमालिकांत सविस्तर येऊन गेले होते, म्हणून येथे कोळी चावल्याचा केवळ ओझरता उल्लेख आहे आणि काकूने बरेच सोसले आहे एवढेच पीटर सूचित करतो. माझ्या मते ही वगळणूक चित्रपटाला फायद्याची ठरली. शोकापासून सुरू होणारी कथा सूडाकडे किंवा प्रायश्चित्ताकडे वळते. ही कथा एका उत्साही मुलापासून सुरू होते आणि त्याच्या उत्साहाचीच परीक्षा घेते.

जाळे शरीरातून येत नाही. २००२ च्या चित्रपटात ते तसे येत असे. येथे पीटर ते द्रव्य स्वतः तयार करतो आणि मनगटावरील यंत्रातून सोडतो. रसायनशास्त्राच्या तासाला बाकाच्या खणात लपवून तो ते मिसळत असतो. आमच्या विज्ञानाच्या सरांना हे दृश्य विशेष आवडते, कारण महानायकाची साधनसामग्री शाळेच्या प्रयोगशाळेतून येते हे त्यात दिसते.

७. शाळा आणि वीरकार्य यांचा तोल सांभाळताना पीटर नेमके काय गमावतो?

हा प्रश्न आम्ही मुलांना फळ्यावर हिशेब मांडून सोडवायला देतो. डाव्या बाजूला त्याने काय केले आणि उजव्या बाजूला त्या वेळी तो कोठे असायला हवा होता, असे दोन रकाने करतो.

कथा सुरू होते तेव्हा त्याने शाळेचे वाद्यपथक आणि यंत्रमानवांची कार्यशाळा सोडलेलीच आहे. टोनी स्टार्कचा निरोप कधीही येईल या आशेने तो स्पर्धेच्या संघातूनही अंग काढून घेतो. मात्र निरोप येत नाही. मोकळी केलेली संध्याकाळ सायकलचोर पकडण्यात आणि एका आजींना रस्ता सांगण्यात जाते. पुढे लिझ या मुलीच्या घरच्या मेजवानीतून तो दूरवरचा स्फोट पाहून निघून जातो आणि त्याचा मित्र नेड तेथे एकटा उभा राहतो. वॉशिंग्टनला तो संघाबरोबर जातो खरा, पण टोळीचा पाठलाग करताना एका गोदामात रात्रभर अडकतो, आणि संघ त्याच्याविना अंतिम स्पर्धा जिंकतो. शेवटी नृत्याच्या रात्री तो लिझला तेथेच सोडून जातो.

उजवा रकाना भरू लागला की वर्ग शांत होतो. डाव्या रकान्यातील प्रत्येक कामाचे मोल उजवीकडे कोणीतरी वाट पाहून चुकवले आहे, हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही. या चित्रपटाचे खरे बळ मला येथे जाणवते. इमारतीवरून उडी मारणे पीटरला सोपे आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी असणे त्याच्या कोणत्याही शक्तीला जमत नाही. वॉशिंग्टन स्मारकाचा प्रसंगही असाच आहे. ५५५ फूट उंच स्मारकाच्या उद्वाहनात त्याचे वर्गमित्र अडकतात. त्यांना तो वाचवतो हे खरे, परंतु ज्या स्फोटक वस्तूमुळे ते अडकले ती त्यानेच टोळीकडून मिळवून जवळ ठेवली होती आणि पुढे ती नेडच्या पिशवीत राहिली. हे काम कोणत्या रकान्यात लिहावे, यावर दरवर्षी वाद होतो आणि मी तो मिटवत नाही.

८. पीटर काकूशी सतत खोटे बोलतो. अशा मुलाला नायक म्हणून दाखवावे का?

पालकांचा हा सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. पीटर आपल्या अनुपस्थितीला 'स्टार्क यांच्याकडील उमेदवारी' (इंटर्नशिप) असे नाव देतो, रात्री खिडकीतून घरात शिरतो आणि काकूच्या प्रश्नांना अर्धवट उत्तरे देतो. चित्रपट या खोट्याचे समर्थन करत नाही, पण त्याला सोपी शिक्षाही देत नाही.

त्याच्या खोट्याचे कारण पाहावे. काकूने आधीच पुष्कळ सोसले आहे, तिला आणखी काळजी नको, असे त्याला वाटते. आमच्या वर्गातील मुलांपैकी कितीतरी जण अगदी याच कारणासाठी घरी गप्प बसतात. वडिलांच्या डोक्यावर पीककर्ज आहे, म्हणून सहलीची वर्गणी मागितलीच नाही आणि 'मलाच जायचे नव्हते' असे सांगितले, हे एका मुलाने चर्चेत सांगितले तेव्हा त्याचे पालक मागच्या बाकावर बसलेले होते. ज्या खोट्यात स्वतःचा लाभ असतो आणि ज्यात समोरच्याची काळजी असते, त्यांतला फरक मुलांना कळतो. दुसऱ्या प्रकारचे खोटेही घरातील अंतर वाढवते, हे मात्र त्यांना चित्रपटातून दिसते. टोनीने पोशाख काढून घेतल्यावर पीटर घरी येतो आणि काकूसमोर रडतो. तेव्हाही तो उमेदवारी गेली एवढेच सांगतो, तरी काकूला त्याला जवळ घेता येते, कारण निदान दुःख तरी खरे आहे. हा प्रसंग पालकांनी मुलांबरोबर बसून पाहावा, अशी माझी विनंती असते.

९. सर्व चुका एकट्या पीटरच्याच आहेत का? मोठ्या माणसांचे काय?

मला या चित्रपटाबद्दल एकच गोष्ट सांगण्याची संधी मिळाली, तर मी हीच सांगेन: पंधरा वर्षांच्या मुलाला पोशाख देणाऱ्या मोठ्या माणसांनी त्याला स्वतःचा वेळ दिला नाही.

टोनी स्टार्क पोशाख देऊन निघून जातो आणि पीटरची जबाबदारी हॅपी होगन या आपल्या सहायकावर सोपवतो. पीटर त्याला रोज निरोप पाठवतो. उत्तर जवळजवळ येतच नाही. टोळीबद्दल सांगायला फोन केला तरी त्याला झिडकारले जाते. एका रात्री खलनायक पीटरला तळ्यात टाकतो आणि टोनीचे चिलखत येऊन त्याला बाहेर काढते. पीटर बोलू लागतो, तेव्हा चिलखताचा मुखवटा उघडतो आणि आत कोणीही नसते. टोनी दूर भारतात असतो आणि तेथून यंत्राद्वारे बोलत असतो. आमच्या मुलांना त्या संभाषणातला गणपतीचा उल्लेख ऐकून आनंद होतो आणि वर्गात हशा पिकतो. हशा ओसरला की मी ते दृश्य पुन्हा लावते आणि त्या रिकाम्या चिलखताकडे पाहायला सांगते.

येथे एक गुंतागुंत आहे आणि ती टाळू नये. टोळीला पकडण्यासाठी पीटर एकटाच एका प्रवासी नौकेवर धाव घेतो आणि तेथे मोठा अनर्थ होता होता वाचतो. त्यानंतर टोनी प्रत्यक्ष समोर येतो, तेव्हा कळते की त्याने पीटरचे म्हणणे ऐकलेले होते आणि केंद्रीय तपास यंत्रणेला त्यानेच कळवले होते. म्हणजे ऐकले होते, पण ऐकले आहे हे मुलाला सांगितले नव्हते. पीटर नौकेवर एकटा धावला तो आपले कोणी ऐकत नाही या समजुतीने.

१०. आमची मुले कापूस वेचायला आणि शेतात पाणी भरायला जातात. अमेरिकेच्या सुपरहिरोचा त्यांच्याशी काय संबंध?

हा प्रश्न रावेरकडच्या एका केळी उत्पादक पालकांनी विचारला होता आणि त्यांना मी जे सांगितले तेच येथे लिहिते.

आमच्या भागात शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. वडील आजारी असले किंवा मजुरीला बाहेरगावी गेले असले, तर नववी-दहावीतला मुलगा बॅटरी घेऊन बारे द्यायला जातो. वेचणीच्या दिवसांत मुलींची हजेरी कमी होते. नंदुरबारच्या डोंगराळ तालुक्यांतून कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा मागे राहिलेली थोरली बहीण लहान भावंडांचे सगळे करून शाळेत येते. या मुलांच्या अंगावर मुखवटा नसतो, परंतु त्यांचे रात्रीचे आयुष्य शाळेला ठाऊक नसते. दुहेरी आयुष्याचा अर्थ समजायला त्यांना न्यूयॉर्क माहीत असावे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या तासाला सतत झोपणाऱ्या एका मुलाला मी सर्वांसमोर उभे केले होते आणि त्याच्या वहीवर लाल शेरा लिहिला होता. तो आठवडाभर पहाटे तीनपर्यंत पंपावर होता, हे मला त्याच्या मित्राकडून कळले. त्याने स्वतः सांगितले नाही, कारण मी विचारलेच नव्हते. त्यानंतरच्या वर्षी हा चित्रपट वर्गात पाहताना पीटर शिक्षेच्या खोलीत बसलेला दिसला, तेव्हा मला पडद्याकडे पाहणे कठीण गेले. येथे मुलांच्या कष्टांचा गौरव करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. रात्रीचे पाणी भरणे हे मुलाचे काम नव्हे आणि वेचणीसाठी शाळा बुडणे हा अन्याय आहे. चित्रपटातील पीटर आपले दुसरे आयुष्य निवडतो. आमच्या मुलांवर ते येऊन पडते. हा फरक चर्चेत स्पष्ट करावा, अन्यथा तुलना खोटी ठरते.

११. टोनीने पोशाख परत घेतला हे योग्य होते का?

वर्गात याबाबत निम्मे-निम्मे मत पडते. या पोशाखाशिवाय तू कोणीच नसशील तर तो तुला मिळू नये, अशा आशयाचे टोनी बोलतो. वाक्य खरे आहे, बोलण्याची वेळ कठोर आहे. ज्याने आठवडेच्या आठवडे फोन उचलला नाही, त्याला हे बोलण्याचा किती अधिकार होता, हे प्रश्न ९ च्या उत्तरासोबत वाचून ठरवावे.

त्या वाक्याची कसोटी पुढे लागते. घरी शिवलेल्या साध्या पोशाखात पीटर ढिगाऱ्याखाली सापडतो आणि मदतीसाठी हाका मारतो. कोणी येत नाही. समोरच्या डबक्यात त्याला स्वतःचा अर्धा चेहरा आणि अर्धा मुखवटा एकत्र दिसतो आणि मग तो ढिगारा उचलतो. हे दृश्य १९६६ च्या मूळ चित्रकथेतील एका प्रसिद्ध प्रसंगावर आधारलेले आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याआधीचे रडणे. नायकाने मोठ्याने रडून मदत मागितली, हे आठवीतल्या मुलांनी, विशेषतः मुलग्यांनी, पाहिले पाहिजे.

१२. खलनायकाबद्दल मुलांना सहानुभूती वाटते. हे चुकीचे आहे का?

चुकीचे नाही. टोळीचा म्होरक्या एड्रियन टूम्स याला परग्रहवासीयांच्या हल्ल्यानंतर शहराचा ढिगारा उपसण्याचे कंत्राट मिळालेले असते. त्यासाठी त्याने गाड्या घेतलेल्या असतात आणि माणसे कामावर ठेवलेली असतात. सरकार आणि स्टार्क यांची संयुक्त यंत्रणा येते आणि एका दिवसात ते काम काढून घेते. कर्ज काढून पेरणी केल्यावर हंगाम हातचा गेला की काय होते, हे आमच्या मुलांना समजावून द्यावे लागत नाही.

त्याच्या तक्रारीत तथ्य आहे, त्याने निवडलेला मार्ग मात्र माणसे मारणारी शस्त्रे विकण्याचा आहे. दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवता येणे हीच समज. दार उघडते आणि लिझचे वडील म्हणून तोच टूम्स समोर उभा राहतो, त्या क्षणी वर्गात नेहमी कोणीतरी किंचाळते. पुढे गाडीतील प्रसंगात तो मागे बसलेल्या मुलाला हळूहळू ओळखतो आणि सिग्नलपाशी गाडी थांबलेली असताना त्याचा चेहरा बदलतो. तो कुटुंबासाठीच सगळे करतो, असे मनापासून मानतो. पीटरही तसेच मानतो. पीटर त्याला जळत्या अवशेषांतून बाहेर काढतो, आणि तुरुंगात टूम्स पीटरचे नाव सांगत नाही.

१३. मुलींच्या वाट्याला काय येते?

माझ्या अपेक्षेपेक्षा कमी. लिझ ही संघाची कर्णधार आणि हुशार मुलगी आहे, तरी कथा तिला प्रामुख्याने वाट पाहणारी म्हणूनच ठेवते आणि वडिलांच्या अपराधामुळे तिला शहर सोडावे लागते. वॉशिंग्टनमधील स्पर्धेचे निर्णायक उत्तर संघातील मिशेल ही मुलगी देते, पुढे कर्णधारही तीच होते, हा भाग आमच्या मुली आवर्जून सांगतात. एका मुलीने विचारले होते की हीच कथा मुलीची असती आणि ती रात्री खिडकीतून बाहेर गेली असती, तर गावाने तिला काय म्हटले असते. तिच्या प्रश्नावर एक संपूर्ण तासिका द्यावी, असे मी शिक्षकांना सुचवते.

१४. सुरुवातीला 'आठ वर्षांनंतर' अशी पाटी येते. हिशेब जुळत नाही, तो कसा?

तुमचा हिशेब बरोबर आहे आणि पाटी चुकलेली आहे. परग्रहवासीयांचा हल्ला २०१२ चा. पीटर ज्या भांडणात सामील झाला ते २०१६ चे, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी ही कथा घडते. म्हणजे मधले अंतर सुमारे चार वर्षांचे हवे. ही चूक कथेला बाधत नाही.

१५. पंधरा वर्षांचा वीर म्हटल्यावर मुले शिरीषकुमारचे नाव घेतात. ही तुलना करू द्यावी का?

मुलांनी नाव घेतले तर थांबवू नये, परंतु तुलना पुढे नेताना भान ठेवावे. शिरीषकुमार मेहता यांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ते आणि त्यांचे चार सोबती हुतात्मा झाले. ते शाळकरी विद्यार्थीच होते. पीटर पार्कर कल्पनेतला आहे आणि चित्रपटाच्या शेवटी तो घरी परततो. नंदुरबारच्या त्या घरात मुलगा परतला नाही.

म्हणून आम्ही दोघांना एका मापाने मोजत नाही. एवढेच विचारतो की त्या सकाळी शिरीषकुमार घरातून निघाले, तेव्हा घरच्यांना काय वाटले असेल. चित्रपटात मे काकूच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसते, ती मुलांना तेव्हा नव्याने कळते आणि हुतात्मा स्मारकावरील नावामागे एक घर होते, हेही जाणवते. शेजारच्याच जिल्ह्यातील ही घटना असल्याने मुले या चर्चेत फार मनापासून बोलतात.

१६. शेवटी पीटर मोठ्या पथकात जाण्यास नकार देतो. ती खरोखर परीक्षा होती का?

टोनीने पथकात येण्याचा दिलेला प्रस्ताव ही परीक्षाच होती असे पीटरला वाटते, प्रत्यक्षात ती नव्हती. तो नकार देऊन निघून गेल्यावर दिसते की दुसऱ्या बाजूला पत्रकार खरोखरच जमलेले आहेत. प्रस्ताव खरा होता, म्हणून नकारालाही किंमत आहे. परिसरातला मदतनीस राहून शाळा पूर्ण करणे तो निवडतो. प्रश्न ७ मधील उजव्या रकान्याकडे त्याने पहिल्यांदा स्वतःहून पाहिले, असे मला वाटते.

१७. शाळेत चित्रपट दाखवणे कायदेशीर आहे का? गणेशोत्सवात चौकात दाखवता येईल का?

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी अपवाद आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षकांत केवळ शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती असतील, तर ते उल्लंघन ठरत नाही. चौकातील जाहीर खेळ या अपवादात बसत नाही. त्यासाठी हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागते. ओटीटीवरील वैयक्तिक खात्याच्या अटी हा वेगळा विषय आहे आणि त्या वाचूनच निर्णय घ्यावा. आम्ही विकत घेतलेली तबकडी वापरतो आणि उतरवून घेतलेली प्रत कोणी पेन ड्राइव्हवर आणून दिली तरी घेत नाही.

१८. पुढच्या चित्रपटांत पीटरचे गुपित फुटते. मग या चित्रपटातील चर्चा जुनी ठरत नाही का?

२०१९ च्या चित्रपटाच्या शेवटी त्याची ओळख जगजाहीर होते आणि २०२१ च्या चित्रपटात त्याला तिची फार मोठी किंमत मोजावी लागते. ज्या मुलांनी ते पाहिले आहेत ती प्रश्न ८ वर अधिक कडवेपणाने बोलतात आणि त्यांना बोलू द्यावे. तरीही मी हा पहिला चित्रपट निवडते, कारण यात गुपित अजून घराच्या आत आहे.

शेवटच्या दृश्यात परत मिळालेला पोशाख पीटर खोलीत चढवतो. मागे दारात मे काकू उभी आहे. ती बोलू लागते आणि वाक्य पूर्ण होण्याआधीच पडदा काळा होतो. आम्ही तेथेच थांबतो, दिवे लावतो आणि तिचे पुढचे वाक्य मुलांना वहीत लिहायला सांगतो. काही जण तिला रागावलेली दाखवतात, काही जण रडताना. सर्वाधिक वह्यांमध्ये ती आधी एकच गोष्ट विचारते आणि कितीतरी जणांनी ती घरच्या बोलीतच लिहिलेली असते: "जेवना का रे तू?"